यंदाचं मरण

शुक्रवार, १२

काल काय सांगितलं होतं, आठवतंय का रे कागदा? कोरा तो कोराच! मी सांगायचं, नातीनं लिहायचं; तर म्हणे तिला झोप आली. मला अक्षर ओळखता येत नाही, पण कोरं कुठलं आणि लिहिलेलं कुठलं एवढं कळतं हो!

पुन्हा सांगते. समोरच्या बागेत पूर्वी मोठी लढाई झाली. परवा तिचा देखावा. आमचे हे, जन्मभर बस चालवली, पण दरवर्षी त्या दिवशी शत्रूचे सेनापती होऊन मोठ्या झाडाखाली मरतात. आणि मरायला किती वेळ! छाती धरणार, चार झोकांड्या खाणार, पडणार. मग एक डोळा किलकिला करून बघणार— मी बघतेय ना!

आज कोचावर तालीम. सून म्हणाली, "बाबा, भोपळ्याचं सूप घ्या, अंगात जोर येईल."

"मेलो तरी भोपळा खाणार नाही!"

रविवार, १४

नीट लिही गं.

हे यंदा धाडकन पडले. एक झोकांडी नाही. टोपी उडाली, तोंडावर ऊन— तरी ओढून घेतली नाही. डोळाही उघडला नाही! लोक टाळ्या पिटतायत. "म्हातारा यंदा काय झकास मेला!"

मी दोरीखालून आत. पहारेकरी आडवा. "आजी, मागे व्हा, लढाई चालू आहे!"

"अरे मेल्या, माझा नवरा मरतोय तिथे!"

सगळे हसले. हसले! त्यांना वाटलं, मीही खेळातलीच.

मग ह्यांच्या शेजारी मरून पडलेला शिपाई उठून बसला. दवाखान्यातला कंपाउंडर तो. ह्यांची नाडी धरली आणि किंचाळला, "थांबवा!" तेव्हा कुठे लढाईचे ढोल थांबले.

सोमवार, १५

हृदयाचा झटका. हे काचेपलीकडे, नळ्यांत. नर्स म्हणाली, "आत्ताच काही सांगता येत नाही."

काचेवर टिचकी मारली. "अहो, खेळ संपला. उठा आता."

नाही उठले.

मंगळवार, १६

आज काही लिहू नकोस.

गुरुवार, १८

एक डोळा किलकिला केला! मी बघतेय ना, ते बघायला.

पोरी, आईला सांग, संध्याकाळी भोपळ्याचं सूप पाठव म्हणावं. पातळ, बिनमिठाचं, डबा भरून. मेले नाहीत ना? मग खातील.