उसने आवाज

रविवार, ६ जुलै १९९७

आलो एकदाचा बसवनगुडीत! मांडीवर मॉनिटर, पायांमध्ये कॉम्प्युटरचं खोकं, काखेत स्पीकर. ऑटोवाला दर खड्ड्याला मागे वळून 'स्वल्प, स्वल्प' करत होता, म्हणजे 'थोडं सांभाळून घ्या', हे तिसऱ्या खड्ड्याला कळलं. ऑफिसातल्या रोशनच्या के. आर. पुरमच्या खोलीत महिनाभर पथारी पसरली होती. आज गच्चीवरची ही खोली माझी एकट्याची आहे आणि मी लहान मुलासारखा तिच्यात दोनदा गोल फिरून घेतलं.

मालकीणबाई कौशल्याअक्का. मराठी बोलतात, पण त्यांच्या चार पिढ्या इथेच गेल्यामुळे निम्मं कानडी त्यात मिसळलेलं असतं. त्यांचे यजमान भीमाचार्य, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. शाळेत संस्कृत शिकवायचे, आता दोन्ही डोळे गेलेत. त्यांनी माझं नाव विचारलं, ध्रुव म्हटल्यावर खूश झाले आणि म्हणाले की फाटक तुझ्या हातानं कसं वाजतं ते ऐकून ठेवलंय, आता तुला ओळखीन. घर ते असं कानानंच बघतात. फाटकाची कुरकुर, विहिरीवरच्या रहाटाची किरकिर, अक्कांच्या बांगड्या.

ऑफिस दुपारी दोननंतर. म्हणजे रोजची सबंध सकाळ माझी. आता माझं संगीत नाही जमलं तर नाचता येईना अंगण वाकडं असं म्हणायलाही वाव नाही.

बुधवार, ९ जुलै

मला गिटार येत नाही. गळा तर असा, की नागपूरला मी गायलो की आई रेडिओ मोठा करायची. म्हणून माझं संगीत बिनगाण्याचं. रॉक, आणि त्यातही पंक, तीन मिनिटांत सगळं फोडून मोकळं होणारं. त्यासाठी फ्लॉपीवरून आणलेला एक ट्रॅकर आहे. पडद्यावर चार रांगा, त्यात आकडे वरून खाली पळतात, आणि एकेका आकड्याला आवाजाचा एकेक तुकडा वाजतो. एवढुसा तुकडा घ्यायचा, ताणायचा, पिळायचा, आणि परत परत वाजवायचा. मोटारसायकलच्या फटफटीतून मी एकदा गिटार काढली होती. रोशननं ती लागोपाठ पाच वेळा लावायला लावली होती.

त्याचे मित्र शहरातल्या हौशी वादकांची एक कॅसेट काढणार आहेत. माझं एक असं बिनगळ्याचं गाणं त्यात घालायचं त्यानं कबूल करून घेतलंय. मला ते इतकं हवंय की जेवताना बोटं ताटावर वाजत असतात.

परवा अक्कांनी डबाभर बिसीबेळे भात वर पाठवला होता. आज डबा लख्ख घासून परत नेला तर त्या डब्यात डोकावून माझ्याकडे बघत राहिल्या.

"रिकामं भांडं परत देतात काय रे तुमच्या नागपुरात? घरातलं स्वल्प काहीतरी घालायचं. साखरेचा दाणा चालतो, पण आपला पाहिजे. रिकामं दिलं की देणाऱ्याचंही रिकामं होतं."

मी हसून सॉरी म्हटलं. आईसुद्धा असंच म्हणते. फुलं तोडतानासुद्धा अक्का झाडाला विचारून घेतात. मी म्हटलं, झाड नको म्हणालं तर? म्हणाल्या, म्हणून तर विचारायचं.

शनिवार, १२ जुलै

आजची सकाळ सोन्याची. एस. पी. रोडवरून आणलेला माइक लांब वायरीनं गच्चीवरून खाली सोडला आणि घर लुटलं. फाटकाच्या कुरकुरीची गिटार झाली, पिळल्यावर अशी किंचाळते की विचारू नका. रहाटाचा बास झाला. देवघराच्या झरोक्याशी माइक टांगून अण्णांच्या पूजेची घंटाही घेतली. तिची झांज झाली. अण्णांना विचारायला हवं होतं बहुतेक. पण आवाजच तर घेतला, त्यांचं काय कमी झालं? कॉपी केली की मूळ जागच्या जागी राहतं, हे तर मी ऑफिसात नव्या पोरांना शिकवतो.

राहिला होता मोठा ड्रम. काही केल्या पोटात बसेल असा ठोका मिळेना. शेवटी माइकला ओला रुमाल गुंडाळून छातीवर दाबला आणि स्वतःचंच काळीज घेतलं. एकच ठोका कापून ठेवला. तोच तोच वाजवायचा. असा ड्रम पैसे देऊन मिळणार नाही.

माइक मात्र त्यानंतर काही ऐकेना. पडद्यावर सरळ रेघ. हपापाचा माल गपापा. असो, काम झालंय.

मंगळवार, १५ जुलै

रोशन ऐकून गेला. कॅसेटची पहिली बाजू यानंच सुरू करायची म्हणाला. मी हवेत आहे.

फाटक वाजायचं थांबलंय. मी तेल घातलं असं समजून अक्कांनी मला शाबासकी दिली. अण्णांना मात्र ते आवडलं नाही. मी आत शिरलो तर दचकून कोण, कोण करत उठून उभे राहिले. रहाटही मुका फिरतो. विचित्र आहे. पण या घरात सगळंच जुनं.

गुरुवार, १७ जुलै

आज फाटक उघडेचना. लोखंड कुठे अडलंय तेही दिसत नाही, नुसतं थांबलंय. भिंतीवरून उडी मारून ऑफिसला गेलो.

आणि सकाळी त्याहून वाईट झालं. अण्णा पूजेला बसले, घंटा हलवली आणि तिला आवाज नव्हता. लोलक आत आपटताना मला दिसत होता. अण्णा हलवत राहिले. अक्कांना विचारत राहिले, की माझे कान गेले का. अक्का समोरच बोलत होत्या आणि ते त्यांना उत्तरं देत होते, तरी तेच विचारत होते. घंटेशिवाय पूजा पुरी होत नाही आणि पूजेशिवाय अण्णा पाणीसुद्धा घेत नाहीत. ताट तसंच झाकून राहिलं.

मला काहीतरी सुचतंय. ते मला नकोय.

शनिवार, १९ जुलै

अण्णांनी अजून काही खाल्लेलं नाही. अक्कांनी नवी घंटा आणली. तीही या घरात आली आणि मुकी झाली.

आज बसवत नव्हतं म्हणून सकाळी माझं गाणं लावलं. झांज सुरू झाली आणि खाली देवघरातली घंटा वाजली. गाणं बंद केलं. घंटा बंद. परत लावलं. खाली अण्णा हसले, मोठ्यानं, लहान पोरासारखे. मी गाणं तसंच फिरवत ठेवलं आणि जिन्यात बसून त्यांची पूजा होईपर्यंत ऐकली. अण्णा जेवले. फाटकही तेवढा वेळ कुरकुरत उघडत होतं. रहाट फिरत होता.

म्हणजे मीच. मी नेलंय.

रविवार, २० जुलै

साधा उपाय. घेतलेलं परत द्यायचं. फाटकाचा तुकडा मशीनमधून पुसून टाकला. खिडकीतून बघत होतो. फाटक बिजागरीतून निखळलं आणि आडवं पडलं. गंजून चाळण झालं होतं, जणू वर्षानुवर्षं पडून होतं.

रिकामं भांडं परत दिलं मी.

मग आठवलं. माइकमध्ये शेवटी काय घेतलं होतं ते.

छातीवर हात ठेवला. मनगट दाबलं. मानेशी बोटं ठेवली. श्वास चालू आहे, मी चालतोय, लिहितोय. पण आत काही वाजत नाही.

सोमवार, २१ जुलै

गांधी बाजारातल्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी नळी लावली, काढली, झटकली, परत लावली. कपाटातून दुसरी आणली. मग दोन्ही यंत्रं बिघडलीत म्हणाले आणि उद्या या म्हणाले. माझ्याकडे बघत नव्हते. पैसेही घेतले नाहीत.

आधी आवाज जातो. मग वस्तू थांबते. फाटकाचं तसंच झालं. रहाट आता हलत नाही.

येताना चढावर बोटं निळी पडली. खोलीत येऊन गाणं लावलं. ड्रम सुरू झाला तशी ऊब आली. पंजांत, मग तोंडावर. बंद करायची हिंमत नाही.

मंगळवार, २२ जुलै

ऑफिसला गेलो नाही. रोशन येऊन गेला. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, नागपूरला जा, झोप काढ, आणि गाणं थांबवायला पुढे झाला. मी त्याचा हात पिरगाळला. गेला बिचारा. पुन्हा यायचा नाही.

तेच गाणं सारखं फिरतंय. मला आता त्याची शिसारी येते. किती घाईघाईचं आहे, सगळा नुसता आरडाओरडा. यासाठी मी हे घर —

अक्का वर आल्या होत्या. रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, की हे वाजतं तेव्हा यांची घंटा वाजते, तर सरी, बरं आहे, वाजू दे. त्यांना ठाऊक आहे. डबा ठेवून गेल्या.

बुधवार, २३ जुलै

पेपरात सूचना. तारा बदलणार म्हणून उद्या सकाळी दहापासून संध्याकाळपर्यंत वीज बंद. परवाही. पुढचा सगळा आठवडा.

यूपीएस पंधरा मिनिटं चालतो.

रोशनकडे मशीन न्यायचं म्हटलं तर के. आर. पुरम तासाभरावर आहे. ऑटोत प्लग नसतो.

अण्णांची पूजा अकराला, ती वेळ ते हलवत नाहीत. घंटा नाही म्हणजे जेवण नाही. आठवडाभर. ते काही जगत नाहीत. आणि मी तर —

द्यायला हवं. भरून द्यायला हवं. घराचं घराला गेलं तर माझं मला मिळेल, असंच असणार. पण घालू काय? मशीनमध्ये सगळं याच घरातलं. माझं असं एकच.

माइकशी टाळ्या वाजवल्या, शिट्टी मारली, आईला हाका मारल्या. सरळ रेघ.

अक्कांचा डबा घासला. साखरेचा दाणा घालून नेऊन दिला. त्यांनी झाकण उघडून बघितलं आणि डोळ्यांना पदर लावला.

गुरुवार, २४ जुलै, सकाळ

अण्णांना विचारलं. सगळं सांगितलं, पाया पडून. घंटा न विचारता नेली, आता परत देऊ का. त्यांनी मला जवळ ओढलं. मग माझ्या छातीला कान लावला. तिथेच थांबून राहिले.

"दे बाळा," म्हणाले. "पण तुझ्यापुरतं ठेवून दे."

ठेवतो म्हटलं. घंटेच्या तुकड्यात ठोका मिसळला. अगदी बारीक, चिमूटभर. कॉपीच केली. मूळ जागेवर ठेवलं. स्पीकर देवघरात नेला, घंटेशी लावून वाजवला. मग तो तुकडा पुसला.

घंटा वाजली! मशीन बंद असताना. अण्णांच्या हातात. आता तिचा नाद जरा खाली आहे. तळाशी धप असं काहीतरी आहे. अण्णांच्या ते लक्षात आलं. तोंड उतरलं त्यांचं. मी वर पळालो.

गुरुवार, नंतर

ड्रमची रांग रिकामी आहे. तुकड्याचं नाव आहे. आत सरळ रेघ.

एकच ठोका होता माझ्याकडे. कॉपी झालीच नाही. चिमूट काढायला ढीग लागतो —

पंखा थांबला. वीज गेली. यूपीएस ओरडतोय. ओरडू दे, आता वाजवायला काही नाही.

गार. बोटं —

अकरा वाजले असणार. खाली पूजा सुरू झाली. घंटा.

ऊब आली. घंटा वाजते तेव्हा येते. तिच्यात आहे मी. धप. प्रत्येक हेलकाव्याला धप. लिहिता येतंय.

अण्णा थांबत नाहीयेत. आरती कधीच संपली. अक्का त्यांना पानावर बसा म्हणतायत. ते नाही म्हणतायत. एकसारखी हलवतायत. लय बदलली, हात बदलला असणार. त्यांना कळलंय. माझ्यासाठी —

अण्णा, जेवा. ओरडून सांगायला हवं. आवाज निघत नाही. जिन्यापर्यंत पाय नेत नाहीत.

किती वेळ झाला. म्हातारा हात. घंटा सावकाश झालीय. मध्ये मोठी फट पडते. फटीत गार. परत धप.

अक्का रडतायत. बांगड्या वाजल्या, हात धरलाय त्यांचा बहुतेक. धरू देत. जेवू देत त्यांना. माझं काही —

धप.

परत एकदा. अजून एक. अण्णा, आता खाली ठे