घरातल्या प्रत्येकाची मुलाखत

सौ. जयवंतीवन्सं यांना,

तळासरीहून तुमच्या भावजयीचा, म्हणजे निलमचा, वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा जमेल तेवढाच वाकून). आगरला सगळे बरे असतील. गुडघ्याला तेल चोळता ना? सुकट पोचलं. बोलायचं नाही पण सुकट पाठवायचं, हे तुमच्याच घराण्याला जमतं बाई!

मी इथल्या समुपदेशन केंद्रात नवराबायकोची भांडणं सोडवते. (हसा. स्वतःचं घर सोडून वर्ष झालं नि निघाली लोकांची सांधायला, असं तुमच्या भावाने, नविनने, ऐकवलं असेलच.) आमचा नियम असा की घरातल्या प्रत्येकाची मुलाखत घ्यायची, वेगवेगळी, दार लावून. आणि नियमाला मी किती चिकट, ते तुम्ही दहा वर्षं सोसलंय.

तर चैत्या आणि कमळी आले. कमळीचं म्हणणं, नवरा जेवणापासून झोपण्यापर्यंत सगळं आईला विचारून करतो, मला कुणी विचारत नाही, मी चालले माहेरी. घरात माणसं किती, मी विचारलं. चैत्या म्हणाला, तीन. मग पुढच्या मंगळवारी आईला आणायचं, सबब चालणार नाही, असं मी दरडावलं. मंगळवारी दोघंच आली. चैत्याने खुर्ची पुसली, पुढे ओढली आणि म्हणाला, "बस, आये." मग मला म्हणाला, होळीला दोन वर्षं होतील तिला जाऊन, पण बाई, तुम्ही सबब नको म्हणाल्या. आणि नियमाप्रमाणे दोघं बाहेर गेली, दार लावून!

मी काय करणार? फॉर्म होता, पेन होतं. नाव, भिकी. वय? (मेल्यानंतरची वर्षं धरायची का, हे परिपत्रकात नाही.) तुमची तक्रार काय, असंही विचारलं. भर दुपार, बाहेर हायवेचे ट्रक, आणि वन्सं, एकाएकी काहीच ऐकू येईना. डोक्यावर पंखा फिरत होता, त्याचाही आवाज नाही. खोटं कशाला बोलू, मी घाबरले.

बाहेर येऊन मात्र शहाणपणा केला. म्हटलं, आई सांगते, माझं पान खुशाल आधी वाढ, पण विचारायचं ते बायकोला विचार. चैत्या ढसाढसा रडला. कमळीने विचारलं, कशी बोलली ती? खरं वाटावं म्हणून मी ठोकून दिलं, डावा गाल धरून बोलत होती. दोघांचे चेहरे उतरले. म्हातारी दाढ सुजून तापाने गेली होती. डावीच दाढ.

आता त्यांचं छान चाललंय. पण काल कमळीचा फोन आला. "बाई, आय मंगळवारपासून घरात नाय. तुमच्याकडंच रायली का?" मी हसले आणि फोन ठेवला. ती खुर्ची मी रोज संध्याकाळी भिंतीला लावून जाते. रोज सकाळी ती माझ्या टेबलासमोर असते.

तुमची,
निलम

ता.क. म्हातारीचा त्रास काही नाही. फक्त मी कुणालाही विचारलं, घरात कोण कोण असतं, की वाटतं ती मलाच विचारतेय. सासूबाईंशी भांडून मी घर सोडलं. त्या गेल्याचं कळलं तेव्हा घरी यायला म्हणून वाणगाव स्टेशनपर्यंत आले होते, वन्सं. दोन तास बाकावर बसले आणि परत फिरले. तोंड दाखवायची हिंमत झाली नाही. हे नविनलाही ठाऊक नाही.

ता.क. २. येत्या मंगळवारी अकरा वाजता नविनला घेऊन या. सासूबाईंनाही आणा. त्या वारल्या, ही सबब आमच्याकडे आता चालत नाही.