दादाच्या ट्रकचा पंखा

४ एप्रिल, रविवार

आजपासून दादाच्या ट्रकची जबाबदारी माझ्यावर. असं कुणी म्हटलेलं नाही, पण आमच्या घराण्यात इलेक्ट्रिकल डोकं एकट्या माझ्याकडेच आहे.

पंख्याचं सॉकेट वितळलं होतं. रेडिएटरमागचा पंखा, इंजिन आणि एसी दोन्ही त्याच्यावरच गार राहतात. दादा गॅरेजला नेणार होता. मी म्हटलं, भाऊ कशाला आहे? सॉकेट कापलं, नवं बसवलं. दोन्ही वायरी ग्रीसने सारख्याच काळ्या. कुठली कुठे होती हे कापायच्या आधी बघून ठेवायचं राहून गेलं. पण पंखा फिरला. पंखा फिरला म्हणजे झालं.

वहिनी कौतुकाने बघत होती. म्हणाली, भाऊजी, गाडीसमोर उभं राहिलं की किती छान वारा येतो. माझ्या कामाला तिने पहिल्यांदाच चांगलं म्हटलं. चहा दोनदा झाला.

संकल्प: दर रविवारी गाडी बघायची.

६ एप्रिल, मंगळवार

दादाचा फोन. सिग्नलला गाडी थांबली की एसीतून गरम हवा येते आणि इंजिनचा काटा चढतो. मी ऑफिसातूनच निदान केलं: गॅस कमी झालाय. फोनवरून निदान करायला अनुभव लागतो.

परवाच आपण पंख्याला हात लावला होता, असं एकदा मनात येऊन गेलं. पण सॉकेट वेगळं, गारवा वेगळा. मनाला फार मोकळं सोडू नये.

११ एप्रिल, रविवार

गॅरेजवाल्याने एसीत गॅस भरला. पंखा फिरतोय का तेवढं त्यानेही वाकून बघितलं. फिरत होता. मग विचारलं, हल्ली कुणी काही उघडलं होतं का?

मी पटकन म्हणालो, छे, कुणी नाही. गाडीचं वय झालंय आता.

 दादा माझ्याकडे बघत मानेवरचा घाम पुसत राहिला. मी टायरमधली हवा बघायला गेलो. हवा ठीक होती. तरी चारही टायर बघितले.

मी खोटं बोललो असं म्हणता येणार नाही. गाडीचं वय खरंच झालंय.

१४ एप्रिल, बुधवार

गॅस भरूनही तेच. अर्धी रजा टाकून थर्मोस्टॅट बदलला. रेडिएटरचं झाकण बदलायला गेलो आणि हात भाजला. इंजिन गरम असताना झाकण उघडायचं नसतं हे मला माहीत होतं, फक्त त्या क्षणी आठवलं नाही. वहिनीने हाताला मलम लावलं. तिचा स्वभाव चांगला आहे, त्यामुळे फार त्रास होतो.

ती आज गाडीतून गेली नाही. मुलं परगावी गेल्यापासून ती रोज दादाशेजारी बसून जाते. घरच्या नर्सरीतली रोपं गिऱ्हाइकांकडे पोचवायची, वाटेत डबा खायचा, आणि दादा चुकीच्या गल्लीत वळला की त्याला सांगायचं. तिला उन्हाने चक्कर येते, म्हणून तर दादाने एवढ्या जुन्या ट्रकला एसी बसवून घेतला. तेव्हा लोक हसले होते. सगळ्यात जास्त मी हसलो होतो.

दादा एकटाच गेला. दोन्ही काचा खाली, डोक्यावर ओला नॅपकिन. आज म्हणे दोनदा चुकीच्या गल्लीत गेला.

१८ एप्रिल, रविवार

मी सविस्तर तपासणी करून सांगितलं: इंजिन थकलंय, कॉम्प्रेसरही जायच्या मार्गावर आहे. आत्मविश्वासाने सांगितलं. इतका आत्मविश्वास नको होता असं आता वाटतं.

दादाने ऐकून घेतलं आणि म्हणाला, मग विकून टाकू. एक गिऱ्हाईक मागे लागलंय, त्याला पुढच्या सोमवारी बोलावतो. गाडी गेली की रोपं पोचवणं बंद. लोकांनी यावं आणि न्यावं.

 वहिनी ट्रकमधली आपली उशी, पाण्याची बाटली आणि गॉगल घेऊन घरात आली. उशी हातात धरून थोडा वेळ उभीच राहिली, कारण घरात तिला जागा ठरलेली नव्हती.

मला कसंतरीच झालं. जेवण गेलं नाही. दोनदाच वाढून घेतलं.

घरी येऊन मन गुंतवायला स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन काढला, धुतला, परत बसवला. चकचकीत. निदान इथे तरी माझ्या हाताला यश आहे.

२२ एप्रिल, गुरुवार

बायको म्हणाली, अहो, रविवारपासून सगळा धूर घरात येतोय.

मी म्हटलं, फॅन फिरतोय ना?

म्हणाली, फिरतोय हो, पण उलटा बसवलाय तुम्ही. बाहेरची हवा आत मारतोय.

मी स्टुलावर चढलो. फॅन बघितला. मग स्टुलावर तसाच उभा राहिलो. बायकोला वाटलं कंबर धरली.

वहिनीला गाडीसमोर वारा लागला होता. गाडीसमोर वारा लागायलाच नको. पंख्याने समोरची हवा रेडिएटरमधून आत ओढायची असते. हा तीच हवा पुढे ढकलतोय. म्हणजे उलटा फिरतोय. म्हणजे दोन वायरींची अदलाबदल झालीये. म्हणजे मी.

एक्झॉस्ट सुलटा केला. 

२३ एप्रिल, शुक्रवार

संकल्प: आज दादाला सगळं सांगायचं. वाक्य तयार केलं: दादा, माझ्याकडून चूक झाली. बाथरूममध्ये म्हणून बघितलं. फार उघडंबोडकं वाटलं. मग सुधारून: दादा, काही तांत्रिक कारणांमुळे. हे बरं होतं.

ऑफिस सुटल्यावर फोन लावला. एंगेज होता. प्रयत्न केला एवढं तरी नोंदवून ठेवतो.

नंतर शांतपणे विचार केला. सांगणं महत्त्वाचं की दुरुस्ती महत्त्वाची? दुरुस्ती. दोन वायरी गुपचूप बदलल्या की एसी गार, इंजिन गार, दादा खूश, गाडी विकायचं रद्द. माझी चूक आपोआप नाहीशी होते. ज्याचा परिणामच उरला नाही त्याला चूक तरी कसं म्हणायचं?

संकल्प: उद्या भल्या सकाळी.

२४ एप्रिल, शनिवार, सकाळी

मोहीम फत्ते.

बायकोला फिरायला जातो म्हणून सांगितलं. तिला आनंद झाला, त्याचंही वाईट वाटलं. दादाच्या अंगणात चोरासारखा शिरलो. बॉनेट हळूच उघडलं. सॉकेटवर नवी कोरी काळी टेप, अगदी नीट गुंडाळलेली. मी कधी लावली आठवेना. स्वतःचं काम इतकं सुबक असतं हे आपल्यालाच माहीत नसतं.

टेप सोडली, वायरी अदलाबदल केल्या, परत गुंडाळलं. चालू करून बघायचं होतं, पण चावी घरात आणि इंजिनच्या आवाजाने दोघं उठली असती. गरजही नव्हती. दोनच वायरी, आणि एक पद्धत आधीच चुकून झालेली.

येताना फार हलकं वाटलं. कोपऱ्यावर बिस्किटं खाल्ली. आता दादाला कधी सांगायलाच नको.

२५ एप्रिल, रविवार

दुपारी दादाचा फोन. म्हणाला, ये. एवढंच.

गावाबाहेरचा सरळ रस्ता, सावली नावाला नाही. ट्रकचं बॉनेट उघडं, वाफ निघतेय. वहिनी मागे हौद्यात, रोपांच्या गर्दीत बसलेली, कारण तेवढीच सावली होती. डोक्यावर ओला पंचा. तिला चक्कर येऊन उलटी झाली होती. माझ्याकडे बघून ती कसनुसं हसली. मला वाटलं, तिने हसायला नको होतं.

मी विचारलं, अशा गाडीत वहिनीला आणलंस कशाला?

दादा म्हणाला, गाडी बरी झाली होती. शुक्रवारी संध्याकाळी वहिनीने पुन्हा त्या वाऱ्याची गोष्ट काढली, तेव्हा त्याने गाडीच्या पुढच्या जाळीसमोर वर्तमानपत्राचं पान धरलं. चिकटायच्याऐवजी उडालं. त्याने वायरी सुलट केल्या, टेप लावली, वहिनीला बसवून गावभर फिरवलं. तिने थंडी वाजते म्हणून पदर घेतला. मग गिऱ्हाइकाला नको येऊस म्हणून फोन केला, बराच वेळ बोलत होता. मला मुद्दाम सांगितलं नाही. मला वाईट वाटलं असतं म्हणून.

मग म्हणाला, आता पान परत उडतंय. वायरी आपोआप कशा उलटल्या?

मी म्हणालो, टेप सैल झाली असेल.

 रोपांतून वहिनी म्हणाली की काल सकाळी तिने मला खिडकीतून अंगणात बघितलं होतं. तिला वाटलं, भाऊजी सांगायला आलेत. धीर झाला नाही म्हणून परत गेले. म्हणून तिने हाक मारली नाही.

मग मी सांगितलं. तयार केलेलं एकही वाक्य आठवलं नाही. मीच केलं, दोन्ही वेळा मीच केलं, एवढंच आलं. रस्त्यावर उभा राहून रडलो, या वयात. दादाने इंजिन निवू दिलं, वायरी बदलल्या आणि जाळीसमोर पान धरलं. पान घट्ट चिकटलं. तो म्हणाला, हे चिकटतं की नाही एवढं बघत जा. दुसरं काही म्हणाला नाही. म्हणायला हवं होतं.

२ मे, रविवार

सकाळी दादाकडे गेलो. ट्रकच्या बॉनेटला कडी ठोकलीये आणि कडीला कुलूप. चावी वहिनीच्या पर्समध्ये. मी मनाला लावून घेतलं नाही. चोऱ्या वाढल्यात.

रोपं चढवायला मदत केली. तेवढं काम मिळालं. वहिनीची उशी आपल्या जागेवर होती. दादाने गाडी काढली. निघताना काच खाली करून हात करायची वहिनीची जुनी सवय. आज तिने काचेआडूनच केला. गार हवा बाहेर गेली असती.

मी गेटपाशी बराच वेळ उभा होतो. कोपऱ्यावर दादा चुकीच्या गल्लीत वळायला लागला आणि लगेच सरळ झाला.

संकल्प: एक्झॉस्ट फॅनला हात लावायचा नाही.