बुंदीचा कळप

पडेगाव,
७ फेब्रुवारी २०१६

ती. म्हाळसाअक्कास,
त्रिंबकचा शि. सा. न. वि. वि.

फोन असताना पत्र कशाला, असं पोस्टमनने विचारलं तर सांग, आम्ही बहीणभाऊ फोनवर एकदमच बोलतो आणि ऐकत कुणीच नाही. पत्रात निदान एकाला गप्प बसावं लागतं.

इकडे क्षेम. पाणी आटलं की बोअरच्या मोटारी कोरड्या फिरतात आणि जळतात, त्यामुळे माझ्या रिवाइंडिंगच्या दुकानात पाय ठेवायला जागा नाही. दुष्काळात आपलं बरं चाललंय हे लिहायला बरं वाटत नाही, पण खोटं कशाला लिहू? तू मागे आली होतीस तेव्हा समोरच्या रानातून हुरडा मागून आणला होतास. तिथे आता चार मजली इमारत उभी राहते आहे. तिच्या बोअरला धूळ लागली.

आता मुख्य विषय. आमच्या घरी एक गिनीपिग आला आहे. उंदराहून मोठा, सशाहून लहान, शेपूट नाही, आणि मेंढरासारखा दिवसभर चरतो. शेजारचे बँकेतले हेमचंद्र साहेब बदली होऊन नागपूरला गेले. त्यांच्या सईने तो आमच्या प्रांजलीच्या ओटीत घातला. मुळात जोडी होती, एक मागच्या महिन्यात दगावला. उरलेली ती बुंदी. मादी आहे. प्रांजलीने सईला शब्द दिलाय की बुंदीला काही होऊ देणार नाही, आणि बुंदी तर कोपऱ्यात तोंड घालून बसलीय. गवताला तोंड लावत नाही. पोरगी शाळेतून आली की आधी वाटी बघते आणि मग स्वतःही जेवत नाही.

मी या विषयावर मिळेल ते सगळं वाचून काढलं. मोटारी शिकलो तेव्हा कोण गुरू होता? तसंच हेही. तीन ठेवावेत असं माझं मत. सौ. रत्नमाला म्हणते, टँकरच्या पाण्यावर एक जीव जगला तरी पुष्कळ. आपले बाबा असते तर काय म्हणाले असते ते कळव.

आणि तुझ्या मनगटाचं काय? मेंढरं घेऊन खानदेशाकडे निघण्याआधी तुझा अप्पाराव भेटून गेला. तू टँकरपाशी घसरलीस हे त्याच्याकडून कळलं. आता घरात मेंढरू नाही की पोरगा नाही. पाऊस पडेपर्यंत इकडे ये. मागच्या खेपेला महिन्याच्या बोलीने आलीस आणि आठ दिवसांत परत गेलीस, कारणही सांगितलं नाहीस.

पत्राची वाट पाहतो. माया आहे तशी ठेव.
तुझा,
त्रिंबक

*

पाचोड,
१६ फेब्रुवारी

चि. त्रिंबक यास,
म्हाळसाअक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं. वच्छलाला वाचून दाखवलं. शेपूट नसलेलं जनावर ऐकून ती इतकी हसली की चुलीवरचं दूध उतू गेलं. जाऊ म्हणून लाभली खरी, पण अक्कल लहान पोरीची.

तू एवढं वाचलंस आन् बाबांची एक गोष्ट इसरलास. बाबा एकटं मेंढरू कधी इकत घेत नव्हते, कुणाला देत बी नव्हते. गिऱ्हाईक आलं की सांगायचे, न्यायची तर जोडी न्या, न्हायतर तुमच्या दारात दुसरं हाय का ते आधी सांगा. एकटं जनावर चाऱ्याच्या ढिगावर बसून उपाशी मरतं. तुझ्या बुंदीला दुखणं नाय, तिला कुणी नाय. दोन ठेव. तीन नको, तिसरं लई येळा वाळीत पडतं.

नवं आणलं म्हंजे बाबा करायचे तसं कर. दोघींच्या बी पाठीवर खंडोबाचा भंडारा चोळ. वास एक झाला की परकेपणा जातो.

मनगट बरं हाय. घागर वच्छला उचलती, मी नंबर धरते. दोघी असलो म्हंजे रांगेत कुणी पुढं घुसत नाय. माझ्या येण्याचं मातर काढू नको. हितं बरी हाय मी.

रत्नमालाला, प्रांजलीला आशीर्वाद. तुझ्यावर जीव हाय हे सांगायला लागतं का?
अक्का

*

पडेगाव,
२८ फेब्रुवारी

ती. अक्कास,
त्रिंबकचा शि. सा. न. वि. वि.

तुझा दोनाचा आकडा मान्य. माझ्या वाचनातही शेवटी तेच निघालं, हे नमूद करतो.

शहागंजातल्या एका दुकानातून दुसरी आणली. पिवळसर आहे म्हणून प्रांजलीने नाव ठेवलं शेव. दुकानदार बिचारा सांगत होता की भाईजान, नर-मादीचा मला भरवसा नाही, एकदा डॉक्टरला दाखवून घ्या. मी म्हटलं, कळपात जन्मलेल्या माणसाला हे डॉक्टरने सांगायचं का? उलटी धरून उजेडात पाहिली. मादीच आहे.

दोघींना एकत्र कसं आणलं ते सविस्तर लिहितो, कारण बहुतेक लोक इथेच चुकतात. नवीला जुनीच्या पिंजऱ्यात सोडायचं नाही. जुनीला वाटतं, ही माझ्या घरात घुसली. म्हणून मागच्या खोलीत विटा लावून नवीन कुंपण केलं, जिथे दोघीही पाहुण्या. फुटका माठ उभा चिरून दोन घरं केली आणि प्रत्येकाला दोन तोंडं ठेवली, म्हणजे एक रागावली तर दुसरीला मागच्या दाराने निघता येतं. वाट्या दोन, आणि एकमेकींपासून लांब. जेवणावरून भांडण होतं, मनावरून नाही. मग भंडारा. दोघी इतक्या पिवळ्या झाल्या की रत्नमाला म्हणाली, जेजुरीहून आल्यात का काय?

पहिला तासभर दात वाजवत गोल गोल फिरल्या. दिवेलागणीला पाहिलं तर एका माठात दोघी, अंगाला अंग लावून. आणि बुंदीने गवत खाल्लं, अक्का! प्रांजली ताटावरून उठून मला सांगायला दुकानात धावत आली, हात उष्टेच. सईला तिने पत्र टाकलंय.

तर आकडा ठरला: दोन. तिसरा नाही, हा माझा शेवटचा निर्णय.

तुझ्यापुरता निर्णय तेवढा तू अडवून धरला आहेस. खोली तयार आहे. पुन्हा विचार कर.

तुझ्या धाकात असलेला,
त्रिंबक

*

पाचोड,
२४ मार्च

चि. त्रिंबक यास,
अक्काचे अनेक आशीर्वाद.

पोरीनं जेवायला सुरवात केली हे वाचून जिवाला थंडावा वाटला. एसटीनं येणाऱ्या कडूबासंगं मोसंब्या धाडल्यात. बाग वाळली, झाडं तोडून सरपणाला चाललीत, त्यातल्या ह्या शेवटच्या. साल जाड हाय, रस कमी. तुझ्या जनावरांना आंबट लागतं म्हनं, ते वच्छलानं तिच्या नातवाकडून फोनवर काढून घेतलं. तुझ्यापरीस ती जास्त शिकायली.

मादीच हाय ना रे ती, नीट बघितलंस? इचारते, कारण सात वर्षांचा असताना तू एका कोकराचं नाव गंगू ठेवलं होतंस आन् ती दूध द्याया लागली की खवा करू म्हनून आईकडं साखर साठवायला दिली होतीस. गंगूला शिंगं फुटली तवा दोन दिवस रुसून बसला होतास.

ऊन लई झालंय. टँकर एक दिवसाआड येतो. माझं येण्याचं काढू नको म्हणून सांगितलं होतं, तू काढलंसच. शहाणा हायेस पण ऐकत नाय.

रत्नमालाच्या अंगणवाडीला सुट्टी कधी? माझी आठवण तिला सांग.
अक्का

*

पडेगाव,
५ मे

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र वच्छलावहिनींना वाचून दाखवू नयेस अशी विनंती आहे. तू दाखवशीलच, तरी विनंती केली.

गेल्या गुरुवारी सकाळी माठात दोनाच्या चार झाल्या. पिल्लं जन्मतःच डोळे उघडलेली, अंगावर केस, आणि तासाभरात कोकरासारखी आईमागे तुरूतुरू. शेवटी डॉक्टरकडे गेलो. त्यांनी शेव हातात घेतली, क्षणभर पाहिली आणि मला विचारलं, की तुमचा मूळ धंदा कोणता? मी मोटारींचा सांगितला. मेंढरांचं नाव काढलं नाही. आता त्याला शेवराव म्हणतात. रत्नमाला तर त्याचं नाव घेताना पदर डोक्यावर घेते.

तर आकड्याचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. पिल्लं दोन्ही माद्या, या खेपेला डॉक्टरांनी पाहिल्या. शेवरावाला खच्ची करून घेतला. महिना-दीड महिना त्याला वेगळं ठेवायचं आहे, पण मधे फक्त जाळी आहे. दिसतात, वास येतो, आवाज ऐकू येतो, म्हणून त्याने खाणं सोडलेलं नाही. नंतर तीन माद्या आणि एक खच्ची नर, हा कळप उत्तम नांदतो. चार. त्यावर एकही नाही. एक पिल्लू मागायला समोरचे आले होते. मी विचारलं, तुमच्याकडे दुसरं आहे का? नाही म्हणाले, तर नाही दिलं. बाबांची आठवण झाली.

आता हसणं पुरे. काल वच्छलावहिनींचा फोन आला होता. तू टँकरच्या रांगेत चक्कर येऊन पडलीस आणि मला कळवू नकोस अशी त्यांना शपथ घातलीस. त्यांनी शपथ मोडली, त्यांचे उपकार. अक्का, इथे कूलर आहे, पाणी दारात येतं, डॉक्टर जवळ आहे. बेचाळीस अंशात तू तिथे रांगेत उभी राहणार आणि मी इथे गिनीपिगांच्या माठावर ओलं फडकं टाकत बसणार, हे मला जमत नाही. रविवारी गाडी घेऊन येऊ का, एवढंच लिही. नाही म्हणायचं असेल तर या वेळी कारण लिही.

त्रिंबक

*

पाचोड,
१४ मे

चि. त्रिंबक यास,
अक्काचे अनेक आशीर्वाद.

गंगूच्या मालका, पत्र वच्छलाला दोनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा तिनं मागितलं.

कारण मागतोस तर घे. मागं आले तवा तू सकाळी दुकानात, रत्नमाला अंगणवाडीत, पोरगी साळंत. जाताना कडी लावून घे म्हनून सांगायचास. मी कडी लावून बसायची. खायला मायंदाळ, कुणी कमी केलं नाय. पर दिवसभर बोलायला कूलर. पाचव्या दिवशी भाकर घशाखाली उतरंना. तू बुंदीचं लिहिलंस, कोपऱ्यात तोंड घालून बसली, गवताला तोंड लावीना, ते वाचून मी पत्र उलटं ठेवलं. जनावराचं तुला कळलं. बहिणीचं इचारावं लागलं.

तुला वाईट वाटावं म्हनून लिहीत नाय. मी तवा बोलले नाय, मग तुला कसं कळावं?

आता हितलं. मी निघाले तर वच्छला एकटी ऱ्हाती. ती घागर उचलती तर नंबर कोण धरंल? तिचा पोरगा सुरतेला. तुझंच वाचलेलं तुला सांगते: एकटं ठेवू नये, आन् जोडी जुळलेली असंल तर मोडू नये. न्यायचं तर दोघींना ने, न्हायतर दोघी हितंच बऱ्या.

मला ठावं हाय, बहीण भावाकडं ऱ्हाती, बहिणीची जाऊ ऱ्हात नाय. लोक नावं ठेवतात. वच्छला तर म्हनती, मी बिनबोलावती कुणाच्या उंबऱ्यात पाय ठेवणार नाय. म्हनून हे तुझ्या एकट्याच्या हो म्हनण्यानं व्हायचं नाय. घर रत्नमालाचं हाय. तिला इचार, आन् ती गप बसली तर ते नाय समज.

वाट्या दोन ठेवशील ना रे? रत्नमालाचं आन् माझं तिखट एक नाय.
अक्का

*

पडेगाव,
१९ मे

ती. अक्का आणि ती. वच्छलावहिनी यांस,
त्रिंबकचा शि. सा. न. वि. वि.

पत्र दुकानात वाचलं. नंतर बराच वेळ एकाच मोटारीची तार गुंडाळत बसलो आणि चुकीच्या दिशेने गुंडाळली. एवढंच लिहितो, तुला कळेल.

रत्नमाला गप्प बसली नाही. तिने आधी मला विचारलं, की बाईमाणूस दिवसभर कडी लावून एकटं बसतं हे तुम्हाला माठाची दोन तोंडं कोरताना सुचलं नाही का? मग उठून मागची खोली झाडायला घेतली. बुंदीमंडळी गॅलरीशेजारी सरकली आहेत, कुंपण नव्याने लावलं. खोलीला दोन दारं आहेतच, एक अंगणात उघडतं. तिथे तुमच्यासाठी वेगळी शेगडी मांडली आहे, तिखट तुमचं तुम्ही घाला. जुन्या खाटा काढून दोन नवीन आणल्या, म्हणजे तिथे जुनं कुणीच नाही आणि कुणी कुणाच्या घरात घुसलेलं नाही. पाऊस पडो न पडो, परत जायची घाई करायची नाही.

आकडा वहीत पक्का लिहून ठेवला: कुंपणात चार, घरात पाच. प्रांजली म्हणते, बाबांनी स्वतःहून आकडा वाढवलेला पहिल्यांदाच पाहिला.

रविवारी सकाळी गाडी घेऊन येतो. दोघी तयार राहा.

त्रिंबक

ता. क. वन्सं आणि वच्छलावहिनींना रत्नमालाचा नमस्कार. बोलावणं माझं आहे, यांचं नव्हे. म्हणून माझ्या हाताने लिहिते. वहिनी, आपण अवश्य यावं. आल्या आल्या आत शिरू नका. उंबऱ्यात थांबा. मी भंडाऱ्याची वाटी घेऊन दारात उभी असेन. आधी तुम्हा दोघींच्या कपाळाला लावते, मग तुम्ही दोघी मला लावा. वास एक झाला पाहिजे.