डाव्या बाटलीची साक्ष

ता. ४
मी, ‘हेडमास्तर’ या टोपणनावाने परिचित, वय वर्षे बहात्तर, इयत्ता चौथी उत्तीर्ण, अक्षर वळणदार, आज नेत्रपेढीत फ्रिजचा राखणदार म्हणून आनंदाने रुजू झालो. दान केलेल्या डोळ्यांवरील पारदर्शक पटले येथे औषधी द्रवाच्या बाटल्यांत ठेवतात. फ्रिजच्या काचेच्या दारावरील तापमानाचा आकडा दर तासाला वहीत नोंदवणे हे माझे काम. आकडा दोन ते आठ यांच्या मध्येच असला पाहिजे, नाहीतर पटले खराब होतात. परिचारिका म्हणाली की आजोबा, इथल्या गिऱ्हाइकांची कटकट नसते, नुसती बघत बसतात. मी हसलो नाही. परंतु विनोद बरा होता.

ता. ९
एकाच मृताची उजवी व डावी अशी दोन पटले आली. यादीप्रमाणे उजवे माझ्या पत्नीस मिळणार. सहा वर्षे तिला माझे तोंड दिसलेले नाही. ती म्हणते की त्यात तिचे फारसे नुकसान झाले नाही. डावे एका शिंपिणीस मिळेल. तिच्या सुईवर दोन लेकरे जगतात.

ता. १०
दुपारी असह्य उकाडा होता. भिंतीत प्लगची जागा एकच. घटकाभरासाठी फ्रिजचा प्लग काढून पंख्याचा लावला आणि माझा डोळा लागला. जागा झालो तेव्हा चार वाजले होते व आकडा एकोणीस होता. प्लग पूर्ववत लावला. दोन, तीन व चार वाजताच्या नोंदींत ‘४’ असे सुवाच्य लिहिले. आजवर माझ्या वहीत खाडाखोड झालेली नाही.

ता. ११
पत्नीच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. मी कोणास काही बोललो नाही.

ता. १३
पट्टी काढली. तिला प्रथम मी दिसलो नाही. म्हणाली, समोर काच आहे; काचेपलीकडे खुर्चीत एक म्हातारा तोंड उघडे टाकून झोपला आहे. वर पंखा फिरतो आहे. तिने ती खोली कधी पाहिलेली नाही.

ता. १४
आज सांगते की म्हातारा उठला. भिंतीशी वाकला. मग काही लिहिले. काय लिहिले, असे मी विचारले. ती निरक्षर आहे. तिने चादरीवर बोटाने आकृती काढली. चार. पुन्हा चार. पुन्हा—
तिचे बुबुळ सकाळपासून दुधाळ होत आहे.

ता. १५
शिंपिणीची शस्त्रक्रिया आज सकाळी दहा वाजता. डॉक्टरांपुढे तोंडी कबुली देणे मला जमणार नाही. म्हणून रीतसर जबानी लिहीत आहे. शिंपीण आत जाताना म्हणून गेली की काका, बरी झाले की तुम्हाला सदरा शिवते.
पहिला कागद फाडला. अक्षर थरथरले होते.
दुसराही—
दहा वाजून गेले. शस्त्रक्रियेच्या खोलीचे दार बंद. आतून कोणी उघडत नाही.
पत्नी शेजारी बसली आहे. डावा डोळा हाताने झाकून बोलते. काच गेली, म्हणते. झाकण उघडले. मोठा दिवा. चिमटा. आता सारे लाल—

वरील मजकूर खरा आहे. समक्ष हजर साक्षीदार:
१. माझी पत्नी.
२. शिंपीण, दारापलीकडे, टेबलावर.
३. डाव्या बाटलीतील मृत, जो आता शिंपिणीच्या डोळ्यातून दाराकडे, पत्नी म्हणते, दाराच्या आरपार माझ्याकडे ब—