गोधडीचं पोट

१८ फेब्रु., बुध.

‘कॅरीच्या बायांनो, आपण हातानं जे करतो त्याला आपल्याच घरात टाइमपास म्हणतात, आणि मंडळात त्याला चपलांच्या रॅकशेजारचं टेबल मिळतं.’

महिला दिनाच्या भाषणाचं पहिलं वाक्य. ७ मार्च, इथल्या, नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅरीच्या मराठी मंडळाचा हॉल. श्रीला वाचून दाखवलं. नवरा कमिटीवर असल्याचा एवढा तरी उपयोग.

“टेबल मीच लावलं होतं,” म्हणाला.

“मग तुलाच लागू दे.”

वाक्य राहणार.

सासूबाई खिडकीपाशी दोरे गुंडाळत ऐकत होत्या. “भाषण छान आहे. सुई कधी धरलीस?”

नाही धरली. नववीत शिवणाच्या तासाला वर्गाबाहेर जाऊन बसले होते. मुलग्यांना शिवण का नाही, हा प्रश्न होता. त्या भूमिकेवर आजही ठाम.

२१ फेब्रु., शनि.

जॉर्जियातल्या अल्फारेटाहून लेकीचा, मुक्ताचा फोन. सत्ताविसावा आठवडा. सगळं ठीक. मग नेहमीची यादी: “आई, नो शॉपिंग. नो बेबी शॉवर. अँड प्लीज, कुणाला सांगू नकोस.”

यापूर्वीची दोन गेली. एक अकराव्या आठवड्यात, एक विसाव्यात. इथे कुणाला माहीत नाही. अलकालाही नाही, आणि अलका माझी वीस वर्षांची मैत्रीण. बायकांनी बोललं पाहिजे म्हणून मी माइक फोडलेत, आणि हे घरात गाडून बसले आहे. पण गुपित मुलीचं आहे.

फोन ठेवला तशा सासूबाई म्हणाल्या, “या बाळाला मागून आणलेल्या कापडाची गोधडी करू. पाच घरचं कापड.”

माझा तोल गेला. मूल आपलं नाही, मागून आणलंय असं दाखवायचं, म्हणजे मरण दार चुकेल? मरणाला काय पत्ता विचारत फिरावं लागतं? चाळीस वर्षं मी या असल्या गोष्टींवर बोलतेय, आणि माझ्याच घरात, माझ्याच नातवंडासाठी! दहा मिनिटं बोलले असेन. उभी राहून.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. “झालं?”

“झालं.”

“श्रीच्या आधी माझी दोन गेली. श्रीच्या वेळी कराडात सात घरी गेले. एकीनंही विचारलं नाही कशाला हवंय. आत गेल्या, कापड आणलं, हातात दिलं. तोवर मी कुणाला काही बोलले नव्हते. त्या दिवसानंतर बोलावं लागलं नाही.”

लग्नाला चौतीस वर्षं झाली. हे मला आज कळतंय. श्रीलाही आजच.

२४ फेब्रु., मंगळ.

तह झाला. गोधडी करायची. मरणाचं कलम मला मान्य नाही हे स्पष्ट सांगितलं. “तुझं मान्य-अमान्य गोधडीला टोचणार नाही,” म्हणाल्या.

त्या १८ एप्रिलला परत जाणार. ऑक्टोबरात आल्या, पासपोर्टवर सहा महिने राहायचा शिक्का, संपला. बाळ मेअखेर. म्हणजे हातात आठ आठवडे नाहीत, आणि त्यांची बोटं सकाळी नीट मिटत नाहीत.

मंडळाच्या ग्रुपवर मेसेज टाकला: ‘हस्तकला प्रदर्शनासाठी जुन्या सुती साड्या हव्यात. स्वच्छ आणि चांगल्या स्थितीतल्या.’ मुक्ताचं नाव नाही, बाळाचं नाही. पटकन सुचलं. हुशारी वाटली.

२८ फेब्रु., शनि.

अकरा साड्या जमल्या. सगळ्या ड्रायक्लीन करून, प्लास्टिकच्या कव्हरात. सात रेशमी. एकीला दुकानाची चिठ्ठी तशीच.

सासूबाईंनी एकेक उघडली, गालाला लावली, वास घेतला, घडी घालून ठेवली. अकरावीनंतर चष्मा काढला.

“या कुणाच्या अंगाला लागल्यात?”

कुणाच्याच नाही. कशा लागणार? इथे आम्ही साडी वर्षातून चारदा नेसतो, तीही फोटोपुरती. कराडात साडी धुऊन धुऊन विरायची, मग तिची गोधडी व्हायची. इथे साड्या म्हाताऱ्याच होत नाहीत. मी स्वतःचं कपाट पाहिलं. चाळीस साड्या, एकही मऊ नाही.

“चांगल्या स्थितीतल्या, असं लिहिलं कुणी?” श्री.

मी. गोधडीसाठी कापड मागताना चांगल्या स्थितीतलं मागणारी मी.

सासूबाई जास्त कठोर. “तू प्रदर्शनाला मागितलंस, त्यांनी प्रदर्शनाचं दिलं. त्यांचं काय चुकलं?”

साड्या उद्या परत करायच्या. श्री नेऊन देईल.

४ मार्च, बुध.

श्रीच्या जुन्या लुंगीवर धावदोऱ्याचा सराव. टाका लहान हवा, ओळ सरळ हवी, दोरा ओढायचा नाही. माझी ओळ दारू पिऊन घरी चालल्यासारखी. तीनदा बोट टोचलं. श्रीलाही बसवलं, नववीतल्या तत्त्वानुसार. त्याची ओळ सरळ आली. संताप.

७ मार्च, शनि.

भाषण जमलं. ‘चपलांच्या रॅकशेजारचं टेबल’ या वाक्यावर मागच्या दोघी उठल्या, टेबल उचललं आणि भाषण चालू असताना स्टेजसमोर आणून ठेवलं. क्रोशाचे रुमाल, लोकरीच्या टोप्या, भरतकामाच्या उश्या, सगळ्यासकट. टाळ्या. श्रीसुद्धा वाजवत होता. मी आणखी सात मिनिटं बोलले. जिंकण्यासारखं दुसरं काही नाही.

नंतर अलकानं चहाच्या रांगेत गाठलं. “सुईवर एवढं बोललीस यार, आणि तीन बोटांना बँडेड. काय चाललंय घरी?”

“काही नाही.”

अर्धा तास स्टेजवर निर्भय, आणि चहाच्या रांगेत दोन शब्दांत पळ काढला.

१० मार्च, मंगळ.

मुक्ताला फोन केला. सरळ विचारलं. आजीला गोधडी करायचीय, पाच घरी जाऊन कापड मागायचंय, बाळ येणार एवढंच सांगेन. मागचं काही नाही.

“आई, इट्स नॉट युअर सब्जेक्ट.”

“विषय नाही गं. नुसतं मागणं आहे.”

“डू व्हॉट यू वॉन्ट. यू ऑलवेज डू.”

फोन बंद.

परवानगी मिळाली असं सासूबाईंना सांगितलं.

१४ मार्च, शनि.

पाच घरं. चालत जायचं, उंबऱ्याबाहेर उभं राहायचं, आत जायचं नाही, ही सासूबाईंची अट. कॅरीत फोन न करता कुणी कुणाच्या दारात जात नाही. पहिल्याच दारातल्या कॅमेऱ्यातून आवाज आला, “वहिनी, आम्ही ग्रोसरीला आलोय, काही अर्जंट?” दाराच्या बेलला काय सांगणार? निघाले.

अलका. ओढणी खांद्यावर, हाताला कणीक. “बाळ येणार आहे. मागायला आलेय.” एवढंच म्हणाले. अलका नागपूरची, तिनं कोणाचं, कधी, काही विचारलं नाही. हात धुतले. आत गेली. तिचा गाऊन घेऊन आली, निळ्या फुलांचा, कोपरापाशी जाळी झालेला. “दोन्ही पोरं यातच वाढवली. मऊ आहे.” मग दाराच्या चौकटीकडे बघत, “आमचं एक गेलं होतं. टेक्सासला, शुगर लँडला असताना. कुणाला सांगितलं नाही मी. तू मागायला आलीस म्हणून सांगतेय.”

वीस वर्षं!

पुढच्या घरी पुण्याहून नुकतीच आलेली मुलगी. “मावशी, जुने कपडे? डोनेशनचं पोतं आहे ना गॅरेजमध्ये, सगळंच घेऊन जा.” समजावून सांगितलं. तिनं पोतं सोडून दिलं, आत गेली, नवऱ्याचा कॉलेजातला टी-शर्ट काखेत लपवून आणला. “त्याचा फेवरेट आहे. पटकन न्या.”

त्यानंतरच्या बाईंनी साफ नाही म्हटलं. अंगावरचं कापड दुसऱ्याच्या बाळाला देऊ नये, दृष्ट लागते! एका अंधश्रद्धेसाठी दारोदार फिरावं आणि दुसरीनं दार लावून घ्यावं. तिथेच पायरीवर भाषण द्यावंसं वाटलं. दिलं नाही. नोंद असावी.

आणखी तीन घरं मिळाली. चादर, ओढणी, डॉक्टर जोशीणबाईंचा दवाखान्यातला हिरवा सदरा. पाच पूर्ण.

१९ मार्च, गुरु. पाडवा.

डेकवर गुढी. दुपारी सासूबाईंनी गोधडी मांडली. वर अलकाचा गाऊन, खाली चादर, मध्ये बाकीचं. कडेपासून सुरुवात, चौकोनात चौकोन घेत आत जायचं. एक बाजू त्यांची, एक माझी. सदऱ्याचा खिसा त्यांनी वेगळा काढून वर लावला. “पोराला पुढं काहीतरी लपवायला होईल.”

२५ मार्च, बुध.

मुक्ताचा फोन. अलकानं तिला मेसेज केला होता: ‘काळजी घे बाळा.’ तेवढाच.

“यू टोल्ड हर.”

“बाळाचंच सांगितलं. शब्दानं दुसरं काही नाही.”

“अँड शी न्यू द रेस्ट. पाचही जणींना कळलं, आई. मागून आणलं म्हणजे काय झालेलं असतं, ते आजीनं मला रविवारी सांगितलं. यू न्यू दॅट. यू न्यू, अँड यू वेंट.”

प्रतिवाद नाही. आयुष्यात पहिल्यांदा शोधलाही नाही. ‘तुला हवं ते कर’ याला मी परवानगी म्हटलं. दुसऱ्या कुणी बाईच्या अशा उत्तराला होकार म्हटलं असतं तर मी त्याला सभेत सोलून काढला असता.

माफीचा मेसेज तीनदा लिहिला. पहिल्यात चार परिच्छेद, युक्तिवादासह. शेवटी एकच शब्द पाठवला: चुकले.

उत्तर नाही.

४ एप्रिल, शनि.

पाइनच्या परागांचा पिवळा धुरळा सगळीकडे. खिडक्या बंद करून शिवतो. दहा दिवस झाले. फोन केला की एरिक उचलतो. “शी इज रेस्टिंग, आई.” गुणी जावई. खोटं बोलताना त्याचा आवाज बारीक होतो.

सासूबाईंना म्हटलं, गोधडी बंद करू. तिला नकोय.

“तिनं गोधडी नको म्हटलं?”

“नाही.”

“मग तुझा राग आलाय तिला. गोधडीचा नाही. ओव सुई.”

माझी ओळ आता जरा शुद्धीवर आहे. वाकडी झालेली उसवू म्हटलं तर हातावर चापट मारली.

१२ एप्रिल, रवि.

मध्यावर आलो. वीतभर जागा राहिली. सासूबाईंनी तव्यावर कडक केलेला भाकरीचा तुकडा आणि चिमूटभर साखर पांढऱ्या फडक्यात बांधून आतल्या थरात सरकवली. गोधडीचं पोट उपाशी ठेवायचं नसतं.

“मुंग्या येतील.”

“तुझ्या घरात? मुंगीला आधी तुझ्याशी वाद घालावा लागेल.”

मग सुई टोचून ठेवली आणि उठल्या. मधली वीत उघडीच.

“पोट आईनं शिवायचं. हे मुक्ताचं काम.”

“ती येणार नाही, आई.”

“मग उघडं राहील. मी तरी काय करू?”

त्या स्वयंपाकघरात गेल्या. मी ती उघडी वीत बघत बसले. बंद करायला माझ्या हाताला आता पाच मिनिटं लागली असती.

१८ एप्रिल, शनि.

विमानतळ. व्हीलचेअरवर बसल्या बसल्या सासूबाईंनी माझा फोन मागितला, मुक्ताला लावला, खुर्ची माझ्याकडे पाठ होईल अशी वळवून घेतली. एरिकनं नाही, तिनंच उचलला असावा. सात-आठ मिनिटं बोलल्या. त्यांच्या हसण्याचा आवाज आला एकदा.

“काय म्हणालात?”

“आजीनातीचं.” फोन परत दिला. माझं बोट हातात घेऊन टोचलेल्या जागा पाहिल्या. “आता तुझा हात बसला. पुढची गोधडी तुझी तू कर.”

त्या अठ्ठ्याऐंशीच्या होतील पुढच्या महिन्यात. परत भेट व्हायची की नाही हा विषय आम्ही दोघींनी काढला नाही.

२३ एप्रिल, गुरु.

एकोणतीस दिवसांनी मुक्ताचा मेसेज. रोमन लिपीत, पण मराठी.

‘मधलं अजून उघडं आहे का?’

‘हो,’ लिहिलं. आणि थांबले.

थांबणं सोपं नव्हतं. पाच पानं मनात तयार होती. अलकाचं दार, आजीची सात घरं, माझी चूक आणि चुकीमागची कारणं, कारणांमागचं आणखी बरंच. आजच गाडी काढावी, सहा तासांत अल्फारेटा, दारात उभं राहावं, हेही तयार होतं. श्रीनं किल्ली खिशात घातली आणि खिशावर हात ठेवून बसला. बरं केलं.

मग पाठवलं ते इथे उतरून ठेवते.

‘मुक्ता, गोधडी झाली आहे, वीतभर सोडून. सुई तिच्यातच टोचलेली आहे, दोरा ओवलेला आहे. तुझ्याआधी तिथे कुणी टाका घालणार नाही, मीही नाही. शनिवारी ती घेऊन तुझ्या दारात येऊ का? हो म्हण किंवा नाही म्हण. नाही म्हणालीस तर येणार नाही, आणि का ते विचारणार नाही. फक्त या वेळी मला “तुला हवं ते कर” म्हणू नकोस. एक शब्द लिही.’