मूल कोणी धरायचं

३ फेब्रुवारी, डहाणू
पोहोचलो एकदाचा! स्टेशनबाहेर चिकूच्या पेट्या रचलेल्या. रिक्षावाल्याने एक चिकू हातावर ठेवला. ट्रस्टचं रुग्णालय लहान, पण स्वच्छ. इथे सहा आठवडे एक्स-रे विभागाची सुरक्षा तपासायची. भौतिकशास्त्रज्ञ म्हणून माझ्या निवासी प्रशिक्षणातलं हे पहिलं स्वतंत्र काम. प्रवीण सर मुंबईहून फोनवर मार्गदर्शन करणार. तंत्रज्ञ अण्णा गमत्ये आहेत. म्हणाले, रेडिएशनवाले साहेब आले, आता मशीनपण ताठ उभं राहील.

५ फेब्रुवारी
मशीन उत्तम. किरणांचा रोख, मात्रा, शिशाचे ॲप्रन, सगळं तपासलं. चूक सापडली ती माणसांची. लहान मुलं हलतात म्हणून आया बुधीबाई त्यांना धरून उभी राहते. एकोणीस वर्षं हेच. ॲप्रन जड म्हणून घालत नाही आणि किरण मोजणारा बिल्ला हरवेल म्हणून बाहेर खिळ्याला टांगते. म्हणजे कागदोपत्री तिला किरण लागलेलेच नाहीत! मी नियम सांगितला: कर्मचाऱ्याने मूल धरायचं नाही, आई-बापांनी धरायचं, तेही ॲप्रन घालून. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, "मी नाय धरला त ती धरल." ती कोण, ते सांगितलं नाही. अण्णांनी हसून विषय बदलला.

७ फेब्रुवारी
अहवाल पाठवला. बुधीबाईला विभागातून काढून धुलाईखान्यात दिलं. सरांनी शाबासकी दिली.

१० फेब्रुवारी
गंजाडची नवशी, चार वर्षांची, न्यूमोनिया. आई रूपी गरोदर, म्हणून तिला बाहेर थांबवलं आणि नवशीला पट्ट्याने स्टँडला बांधलं. रडत होती. मी काचेमागे आलो आणि ती एकदम गप्प झाली. जराही हलली नाही. फोटो स्पष्ट आला. फक्त डाव्या खांद्यावर एक हात आहे, मोठ्या माणसाचा. अण्णा म्हणाले, साहेब, नियम तुमचा आणि धरलंत पण तुम्हीच? मी आत नव्हतो. प्लेटवर आधीची प्रतिमा राहून गेली असणार. प्लेट दोनदा पुसली.

१३ फेब्रुवारी
ताप उतरेना, म्हणून पुन्हा फोटो. कोरी प्लेट. हात आता छातीवर आहे. हाडांभोवती मांसाची फिकट सावली दिसायला हवी, ती नाही. नुसती हाडं. डॉक्टरांना त्याच जागी फुफ्फुसात नवा डाग दिसतोय. सर म्हणतात, प्लेट खराब असेल. नवशी आईला विचारत होती, आतल्या बाईचे हात एवढे गार का.

१४ फेब्रुवारी
अण्णांनी शेवटी सांगितलं. बुधीबाईच्या आधी तिची बहीण शुक्री मुलं धरायची. फोटो झाला तरी पोरगं लवकर सोडायची नाही. रक्ताच्या आजाराने गेली. तेव्हापासून बुधी पोरांच्या आणि तिच्या मध्ये उभी राहायची, म्हणून —
धुलाईखान्यात गेलो. बुधीबाई काम सोडून उधव्याला लेकीकडे गेली आहे. फोन लागत नाही.

१७ फेब्रुवारी
बाजूनेही फोटो घेतला. बोटं बरगड्यांच्या आत आहेत. नवशी आता रडतही नाही.

१८ फेब्रुवारी
उद्या मीच धरणार. सरांना सांगितलेलं नाही.

१९ फेब्रुवारी
धरलं. पलीकडून ओढ होती — गार — मी सोडलं नाही. नवशी जोरात रडली. इतकं बरं वाटलं ते रडणं ऐकून! फोटोत फक्त माझे हात.

२० फेब्रुवारी
नवशीचा ताप गेला. रूपी पहिल्यांदा हसली.
आज दुपारपर्यंत पाच मुलं. सगळी मीच धरली. आता तलासरीचा हाल्या, तीन वर्षांचा. अण्णांनी पट्टा बांधलाय. भोकाड पसरलंय पोराने. एवढी ओळ लिहून आत जातो —
गप्प झाला.
अण्णा तर इथे, माझ्या शेजारी. आई बाहेर बाकावर. मग आत त्याला —